कडता

धडगावच्या पुढे डांबर संपतं,
मग गाडी दगड मोजत चढते.
मागे रिकामं बारदान, मिठाची चार पोती,
कांदे, मिरची, साबणाच्या वड्या,
आणि माझ्या मांडीवर पन्नाशेठचा काटा,
टॉवेलात गुंडाळलेला, तान्ह्या लेकरासारखा.

हुंबरीपाड्यात वैशाखात जमीन दिसत नाही.
कातळावर, छपरावर, खाटेवर, फाटक्या लुगड्यावर
कैरीच्या फोडी वाळत पडलेल्या.
अख्खा डोंगर आंबूस.
कोंबड्यासुद्धा पाय उचलून चालतात.
पांढऱ्या फोडीला एक भाव, काळी पडली की निम्मा.
रात्री शिंतोडे आले
तर झोपलेलं पोर राहतं खाटेवर,
आमचूर आधी आत जातो.

मी काटा मांडला.
नूरजी पहिला, मग रेहज्या, मग ठुमली.
शेठनं शिकवलेलं वाक्य मी दर पोत्याला म्हणतो :
"ओल आहे. किलोमागे शंभर ग्रॅम कडता."
हे झालं तोंडानं.
काट्याच्या पोटात आणखी शंभर.
त्याचं बटण खालच्या अंगाला,
न बघता करंगळीला सापडतं.
मीठ देताना ते बंद करायचं.

ओजमी शेवटी आली.
पोतं डोक्यावरून उतरवलं नाही.
ओट्यातून एक दगड काढला,
उदईच्या पात्रातला, काळा, गुळगुळीत,
आणि काट्यावर ठेवला.
लाल आकडे थरथरले, थांबले :
एक किलो आठशे.

"दोन आहे," ती म्हणाली.
पावरीत बोलली, आकडा तेवढा मराठीत.
"नर्सबाईच्या झोळीत नात दोन भरली.
ती काढली आणि त्याच झोळीत हा ठेवला.
हाही दोन.
नात आता शेळ्या राखते.
दगड तेवढाच आहे."
मग जरा थांबून :
"का याचीही ओल धरलीस?"

कोणी हसलं नाही.
मला वाटलं, आता गाडीच्या काचा जाणार.
शेठ दूर मोहाखाली
हात वर करून रेंज शोधत होता.

"राहू दे," ओजमी म्हणाली, "काटा तुझा.
आमचूर याच्यावरच घे.
फक्त मीठही याच्यावरच दे.
आणि हात वर ठेव,
आम्हाला दिसेल असा."

मला हिशेब कळेपर्यंत अर्धं पोतं गेलं.
आकडा दहावर येईस्तोवर
मीठ अकराच्या वर जात होतं.
रेहज्या परत आला. ठुमली दोन घमेली घेऊन.
घरात मीठ असलेलेही आले.
कांदे गेले, मिरची गेली,
साबण काट्यावर ठेवता येत नाही
म्हणून तो राहिला.
मी ओतायचो, हात वर करायचो,
आकडा मोठ्यानं वाचायचो,
शाळेत पाढे म्हणायचो तसा.

तसं पाहिलं तर फिटलं नाही काही.
आमचुराचा भाव कुठे, मिठाचा कुठे.
ओजमीला ते माझ्याआधी ठाऊक असावं.
तिनं पैसे तीनदा मोजले,
एक नोट उन्हात धरली,
बदलून मागितली.
दगड परत ओट्यात घातला
आणि चढण चढून गेली,
मिठाचं गाठोडं डोक्यावर,
मान जराही न हलवता.

उतरताना शेठ म्हणाला,
"गोरख, मीठ लवकर संपलं रे."
"पाणी सुटलं, शेठ. ओल फार."
तो दोन वळणं माझ्याकडे बघत राहिला.
मग विचारलं, काटा नीट बांधलास ना?

बांधला होता.
टॉवेलाच्या गाठीत कुणीतरी
मूठभर पांढऱ्या फोडी घातल्या होत्या.
तळोदा येईपर्यंत
त्या मी एकेक करून चोखल्या.
दात आंबले.